गार हाताची माणसं

माणसांचे दोनच प्रकार असतात, असं मामांचं मत होतं : गार हाताची आणि गरम हाताची. श्रीमंत-गरीब, शहाणे-वेडे, सज्जन-चोर हे सगळे नंतर पाडलेले पोटभेद. मामांची बेकरी होती आणि पापुद्र्यांच्या पेस्ट्रीला गार हात लागतो. पिठाच्या पोळीत लोणी ठेवायचं, घडी घालायची, लाटायचं, परत घडी घालायची. हात गरम असला की लोणी वितळतं, पापुद्रे एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि भट्टीतून पेस्ट्रीऐवजी चपलेचा तळ बाहेर येतो. इथपर्यंत मामांचं बरोबरच होतं. पण बरोबर असलेल्या ठिकाणी थांबायची मामांना सवय नव्हती.

"पाव शिकवून येतो," ते म्हणत. "पापुद्रा जन्माला येताना घेऊनच यावा लागतो."

म्हणून कामाला येणाऱ्या प्रत्येकाशी मामा हस्तांदोलन करत. येणाऱ्याला वाटे, काय सभ्य मालक आहे! हात गार लागला तर खिडकीजवळचा संगमरवरी ओटा, गरम लागला तर मागच्या खोलीत पावाची परात. तेवढ्यात माणसाचं भवितव्य ठरे आणि मामा पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसत.

मामांची मुलगी, म्हणजे ताई, जन्मली तेव्हा मामांनी आधी तिची मूठ धरून पाहिली होती आणि ते आनंदाने ओरडले होते, "गार आहे!" मामी खाटेवरून म्हणाल्या होत्या, "मुलगा की मुलगी, ते तरी बघा आधी."

भाचीचे हात मात्र गरम. थंडीत घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे शेकायला तिलाच बसवत. शाळा संपल्यावर ती मामांकडे काम शिकायला आली, तेव्हा ताई त्या ओट्याशी उभी होती. भुवईला पीठ लागलेलं, ओठांत कसलंसं गाणं, काचेबाहेर नाकं चेपून उभी असलेली शाळेची पोरं. भाचीला आयुष्यात एवढंच हवं होतं : त्या ओट्याची दुसरी बाजू. आणि मधे होतं मामांचं हस्तांदोलन.

ती मागच्या अंगणात गेली आणि थंडीच्या सकाळच्या नळाखाली हात धरून उभी राहिली. बोटं निळी पडली, मग बधिर झाली, मग आपली आहेत की शेजाऱ्यांची तेच कळेना. तेव्हा हात पुसून ती आत आली.

"अरे, ही तर बर्फाची लादी!" मामा म्हणाले. "येणारच. आमच्या आईचं रक्त आहे!"

अशी ती ओट्याला लागली. पण चोरीचा मुकुट डोक्यावर ठेवून झोपता येत नाही. ओट्याखाली तिने बर्फाच्या पाण्याचं भांडं दडवलं. पिठाला हात लावण्याआधी ते भांडं, लावल्यानंतर ते भांडं. शिवाय पिठाला मुळात हात लावायचाच कमी, हे तिचं तिने शोधून काढलं. बोटांची टोकं, झटकन घडी, झटकन बाजूला. दुपारी सगळे आडवे झाले की ती उरलेलं पीठ घेऊन पुन्हा लाटत बसे. आपल्याकडे जन्मजात काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे पेस्ट्री न फुलता बसली की ती दुःखात वेळ घालवत नसे. बसणारच, गरम हाताची आहे, म्हणे आणि पुढची पोळी घेई.

ताईला असलं काही करावं लागत नसे. तिची पेस्ट्री पहिल्या दिवसापासून फुलली होती. मामा गिऱ्हाइकांना ओट्यापर्यंत आणून तिचे हात दाखवत, जसे काही लोक परदेशातून आणलेलं घड्याळ दाखवतात. ताई सराव करत नसे. सराव ही परातीकडची गोष्ट. ओट्याशी कुणी सराव करताना दिसलं असतं तर लोकांनी तब्येतीची चौकशी केली असती.

ते दिवस भाचीला पुढे फार आठवत. दोघी समोरासमोर उभ्या, मधे पिठाचा पांढरा पट्टा. "धाकटे, सरक. तुझं कोपर माझ्या पेस्ट्रीत येतंय." "येऊ दे. चव तरी येईल." खिडकीवर वाफ धरे आणि ताई तिच्यावर बोटाने मामांचं चित्र काढी. आधी नाक, मग उरलेल्या जागेत मामा.

मग एक उन्हाळा आला. भट्टीच्या खोलीत माणसंच वितळत होती, तिथं लोण्याची काय कथा! ताईची पेस्ट्री बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ताईने लोण्याला नावं ठेवली, मग पिठाला, मग भट्टीला. आठवडाभराने तिने स्वतःचा तळहात गालाला लावला आणि हळूच म्हणाली, "गेला."

"काय गेलं?"

"हात गेला माझा, धाकटे."

मामांनी धावत येऊन हात धरला. "मला तर गारच लागतोय!"

"वरून," ताई म्हणाली.

मामांनी हात सोडून दिला. गार हात शिकवता येत नाही, तर गेलेला परत कसा आणणार? ताईने एप्रन खुंटीला अडकवला आणि टपाल कचेरीत नोकरी धरली. तिथं हात गार असो की गरम, शिक्का सारखाच उमटतो.

भाचीची पेस्ट्रीही त्या उन्हाळ्यात बसत होती. पण ती पहाटेच, कुणी यायच्या आत, लाटून घेऊ लागली होती आणि ओट्यावर बर्फाचा ट्रे फिरवत होती. ताईला हे सांगावं असं तिला रोज वाटे. पण भांडं दाखवलं असतं तर मामांनी तिला परातीवर धाडलं असतं. ती गप्प राहिली. गप्प राहायलाही सराव लागतो. तोही झाला.

वर्षं गेली. मामांचे गुडघे गेले, दात गेले, मत शाबूत राहिलं. एका दुपारी त्यांनी घरच्यांना बेकरीत बोलावलं. ओटा आजपासून भाचीचा, असं जाहीर करायचं होतं. ताईही कचेरीतून आली, केस पिकलेली. भाची नुकतीच भट्टीतून ट्रे काढून आलेली. मामांनी सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"ताप आहे का तुला?"

भाचीने ताईकडे पाहिलं. ओट्यावरची नजर ताई काढत नव्हती.

"नाही मामा. माझा हात पहिल्यापासून गरमच आहे. त्या दिवशी मी तो नळाखाली धरला होता."

मामांनी बराच विचार केला.

"नळाखाली धरलास. आणि तो गार झाला?"

"हो."

"मग!" मामांचा चेहरा उजळला. "गरम हात नळाखाली धरला तर नुसता ओला होतो. जो गार होतो, तो मुळातच गार असतो. ओटा तुझा!"

"यांच्यापुढे मी लग्नाच्या दिवशीच हात टेकले," मामी म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

ताई मात्र उठली नाही. इतर लोक पांगल्यावर तिने विचारलं, "त्या उन्हाळ्यात तुझीही बसत होती?"

"रोज."

"मला कधी दिसली नाही."

"मी दिसू दिली नाही."

"एकदा तोंड उघडलं असतंस तर?"

"मला परातीवर पाठवलं असतं."

"पाठवलं असतं तर पाठवलं असतं! पाव भाजणारी काय माणसं नसतात?" ताईचा आवाज चिरकला. "मी इतकी वर्षं शिक्के मारत बसले, धाकटे. मला वाटलं, माझ्यातलं काहीतरी संपलं. आणि नुसतं उकडत होतं!"

भाचीने ओट्याखालचं भांडं काढून ताईसमोर ठेवलं. ताईने त्याच्याकडे शत्रूकडे पाहावं तसं पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ काढलं, बाह्या वर केल्या आणि हात पाण्यात बुडवले.

"आई गं! हे रोज करत होतीस?"

"दर पोळीला."

ताईने पीठ ओढलं, लाटलं, घडी घातली, पुन्हा लाटलं. हात विसरला होता, तरी मधेच एखादी घडी जुन्या चालीने पडे आणि भाचीचा जीव गलबले. ट्रे भट्टीत गेला. दोघी भट्टीसमोर स्टुलांवर बसल्या.

पेस्ट्री बाहेर आली ती सपाट. तिच्यावर शिक्का मारून ती टपालाने पाठवता आली असती.

ताई तिच्याकडे बघत राहिली. भाची ताईकडे.

"तुझ्या अशा किती झाल्या?"

"मोजल्या नाहीत."

"मग त्यांचं करायचीस काय? टोपलीत तर कधी दिसल्या नाहीत."

"खायचे."

"सगळ्या?"

"म्हणून तर ही अशी दिसते मी."

ताईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अगदी सावकाश, पार्सलाचं वजन करावं तसं. मग पीठ पुन्हा पुढ्यात ओढलं आणि तो ट्रे भाचीकडे सरकवला.

"मग घे, सुरू कर," ती म्हणाली. "अजून बऱ्याच यायच्यात."