मागच्या दारातलं बटण

मी अकरा नंबर बसवरची मावशी. सकाळी मुलांना हात धरून चढवायचं, पट्टे लावायचे, शाळेच्या फाटकाशी उतरवायचं आणि दुपारी तेच सगळं उलट. चौदा वर्षं हेच काम केलं. माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं. बसला आडवं जाणाऱ्या मोटरसायकलवाल्याला मी खिडकीतून असं काही सुनावायची, की शेजारच्या बसचा ड्रायव्हर ऐकायला काच खाली करायचा. अशी मी, त्या सकाळनंतर सोळा दिवस मिठाची गुळणी धरून बसले. त्याची मला अजून लाज वाटते, म्हणून आधी तेच सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी सरकारचे नवे नियम आले. कुठल्याशा गावात एक मूल बसमध्ये झोपून राहिलं होतं, कुणाला कळलंच नाही, त्यानंतरचे हे नियम. सीटना उंच, गुबगुबीत पाठी आल्या, म्हणजे धक्का बसला तर डोकं आपटू नये. प्रत्येकाला पट्टा आला. आणि सगळ्यात मागे, शेवटच्या सीटच्या वर, एक लाल बटण आलं. बस बंद केली की गजर सुरू होणार. ड्रायव्हरने स्वतः उठून, पुढून मागपर्यंत सीटा बघत बघत जायचं आणि बटण दाबायचं. मिनिटभरात दाबलं नाही तर असा भोंगा वाजणार, की मेलेला उठून बसेल. कधी दाबलं त्याची वेळ यंत्रात आपोआप नोंदली जाणार.

ड्रायव्हर लोकांसाठी वेगळी परीक्षा आली. दरवर्षी डोळे, रक्तदाब, आणि शिवाय पळायचं. पंचवीस किलोचं पोतं ओढत सीटपासून मागच्या दारापर्यंत तीस सेकंदांत पोचायचं, म्हणजे आग लागली तर हा माणूस मुलं बाहेर काढू शकतो हे दिसावं.

आमचे ड्रायव्हर म्हणजे कप्तान. त्यांना सगळे कप्तानच म्हणायचे, मुलंसुद्धा. एकोणतीस वर्षांत बसला ओरखडा नाही. खड्डा आला तर असा चुकवायचे की मागे झोपलेलं पोर कूस बदलायचं नाही. पण उजवा गुडघा पार गेला होता. पायरी उतरताना ओठ दाबून धरायचे, मी बघायची. परीक्षेच्या दिवशी सकाळी गुडघ्यात इंजेक्शन घेतलं, पोतं ओढलं, सत्तावीस सेकंदांत पोचले आणि पास झाले. दुसऱ्या दिवशी घोट्यापासून मांडीपर्यंत पाय सुजला.

“अहो, सोडा आता,” मी म्हटलं. “सरकार काय वेडं आहे का परीक्षा घ्यायला?”

“बस सोडून घरी काय करू मावशी? भिंतींना हॉर्न देऊ?”

मला हसू आलं. तिथेच चुकलं. हसण्याऐवजी तेव्हाच भांडायला हवं होतं.

रोज चार वेळा तो माणूस मागपर्यंत लंगडत जायचा. मला ते बघवेना. मग मी डोकं चालवलं. बसला मागे एक दार आहे, संकटाच्या वेळी बाहेर पडायचं. ते बाहेरूनही उघडतं. मुलं उतरली की आम्ही डेपोत यायचो, कप्तान इंजिन बंद करायचे, तोवर मी पुढून उतरून बाहेरून मागे जायची, दार उघडायची, नुसता हात आत घालायची आणि बटण दाबायची. चार सेकंद. कप्तानांना उठायचीही गरज नाही. यंत्राला काय कळतंय, हात कुणाचा आणि आला कुठून!

मला त्याचं केवढं कौतुक! दुसऱ्या बसवरच्या बायकांना मी बोलावून बोलावून दाखवलं. “सरकारने यंत्र बसवलं, आपण सरकारला बसवलं,” असं म्हणाले होते मी. सगळ्या खो खो हसल्या. महिन्याभरात डेपोतल्या साऱ्या बसचं बटण मागच्या दारातून दाबलं जायला लागलं. ड्रायव्हर खूश, बायका खूश. शहाणपण माझं.

आणि बघणं? बघायचे कप्तान, आरशातून. निदान मी तसं धरून चालले होते. कप्तान धरून चालले होते, की मावशी मागचं दार उघडते म्हणजे आत बघतच असणार. मी बघायचीही. पण मागून काय दिसतं? सरकारने दिलेल्या उंच उंच पाठी. पाठीमागून पाठी, दुसरं काही नाही.

तिला मी मुंगी म्हणायची. पाच वर्षांची, पाठीवर दप्तर घेतलं की दप्तरच चालतंय असं वाटावं. त्या दिवशी तिला खोकला होता. आईने औषध देऊन पाठवली होती. “जरा पेंगेल हं मावशी,” असंही म्हणाली होती. मी “बरं” म्हटलं आणि डाव्या बाजूला, मागून चौथ्या रांगेत तिला बसवून पट्टा लावला.

फाटकाशी उतरताना मी मुलं मोजायची. त्या दिवशीही मोजली, एकतीस. एक जण पाण्याची बाटली विसरला म्हणून परत चढला आणि परत उतरला. तो दोनदा मोजला गेला. हे मला नंतर, दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर समजलं. तेव्हा आकडा जुळला होता आणि मी खुशाल होते.

आठ वाजून चौदा मिनिटांनी मी हात घालून बटण दाबलं. गजर बंद झाला. भोंगा वाजला असता तर ती उठली असती, असं डॉक्टर म्हणाले.

बस उन्हात उभी होती. काचा बंद होत्या. शाळेतून आईला फोन गेला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मूल आज आलं नाही का, एवढंच विचारायला केलेला फोन. आईने कप्तानांना फोन केला. मी डेपोतल्या नळावर हातपाय धूत होते. कप्तान पळताना दिसले. त्या गुडघ्याने तो माणूस पळत होता, आणि मीही नळ तसाच सोडून मागे धावले.

मुंगी वाचली. देव म्हणा, डॉक्टर म्हणा, वाचली. पण तीन दिवस शुद्ध नव्हती. उष्णतेने मेंदूला इजा झाली होती. शुद्धीवर आली तेव्हा बोलताना शब्द जड यायला लागले, आणि उभी केली की पाय दोन दिशांना जायचे. हळूहळू सुधारेल म्हणतात. किती, ते कुणी सांगत नाही.

यंत्राची नोंद होती आठ चौदाची, ड्रायव्हरच्या नावावर. कप्तानांनी मला डेपोच्या मागे नेलं.

“बटण मीच दाबलं असं सांगणार आहे. चालत गेलो, नीट बघितलं नाही, चूक माझी. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही.”

“आणि मी काय करू? बघत राहू?”

“माझं तसंही संपत आलंय. तुमची अजून बारा वर्षं आहेत. मागच्या दाराचं बाहेर आलं, तर आख्खा डेपो घरी बसेल.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं. घरी जाऊन मी पोटभर जेवले. ते जेवण आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

डेपोत सगळे आठवडाभर शिस्तीत वागले. ड्रायव्हर उठून मागपर्यंत जायचे, वाकून वाकून बघायचे. दहाव्या दिवशी सात नंबरवरची बाई मागे गेली, दार उघडलं आणि हात आत घातला. अगदी मी शिकवला तसाच. मी ओरडायला तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “काय गं?”

काय सांगणार होते मी? “काही नाही,” म्हटलं.

सोळाव्या दिवशी परिवहन कार्यालयात चौकशी होती. लांब टेबल, वर पंखा, पलीकडे एक मॅडम, तपासणी अधिकारी. शांत बाई होत्या. सगळे कागद स्वतः वाचून आल्या होत्या. एका बाजूला कप्तान, त्यांच्या मागे मी. समोर मुंगीची आई, एकटीच.

कप्तानांनी ठरलेलं सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं. मग आईला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का.

आईने कप्तानांकडे बघितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

“तुम्ही तिच्या शेजारून गेलात ना? हातभर अंतरावरून? तेव्हा ती कशी होती? मला रोज वाटतं, औषध मी दिलं, माझ्यामुळे झोपली. पण तुम्ही शेजारून गेलात, तरी कशी दिसली नाही? खाली घसरली होती का? तोंडावर काही आलं होतं का? मला एवढंच सांगा, मी काही म्हणणार नाही.”

कप्तान काय सांगणार? ते गेलेच नव्हते तिच्या शेजारून. एकोणतीस वर्षं खोटं न बोललेल्या माणसाला दुसरं खोटं सुचेना.

ती बाई उत्तराची वाट बघत होती. रात्रंदिवस ती मनाने त्या बसमधून चालत होती, पोरीच्या शेजारून कोण गेलं आणि का थांबलं नाही हे शोधत होती. आणि तिथून कुणी गेलंच नव्हतं.

“ते गेले नाहीत,” मी म्हटलं. “कुणीच गेलं नाही. बटण मी दाबलं. बाहेरून.”

“मावशी!” कप्तान ओरडले.

“गप्प बसा तुम्ही! तुमचा गुडघा आणि माझं शहाणपण, दोघांनी मिळून पोरीचं हे केलं. आणि आजही करतायत सगळे. आत्ता, या क्षणाला, कुठल्या बसमध्ये कोण झोपलंय कुणाला ठाऊक आहे? मीच शिकवलंय त्यांना!”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “दाखवा,” म्हणाल्या.

निकाल पुढे महिन्याने लागला. कप्तानांचं लायसन गेलं, माझं काम गेलं. मागचं दार उघडं असेल तर बटण चालणारच नाही अशी दुरुस्ती सगळ्या बसना झाली, आणि परीक्षा न सांगता, कुठल्याही दिवशी घ्यायला लागले, म्हणजे इंजेक्शन घेऊन येता येऊ नये. सात नंबरवरची अजून माझ्याशी बोलत नाही. ते सगळं कागदावर आहे. मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

अकरा नंबर कार्यालयाच्या आवारातच आणून उभी केली होती. एका कारकुनाने इंजिन सुरू करून बंद केलं. गजर वाजला. मी मागे गेले, दार उघडलं, हात घातला, दाबलं. मॅडम घड्याळ बघत होत्या. कप्तान भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मॅडमनी मान हलवली. झालं असं वाटून मी दार लावायला गेले. तेवढ्यात आई पुढच्या दाराने बसमध्ये चढली. कुणी अडवलं नाही. डाव्या बाजूची, मागून चौथी रांग तिने न मोजता गाठली आणि त्या सीटवर कुशीवर आडवी झाली. पाय पोटाशी घेतले, हात गालाखाली घेतला. मी मागच्या दारातच होते. मला सीटची पाठ दिसत होती, बस्स.

“आता पुढून या,” ती आतून म्हणाली. “नियमात लिहिलंय तशा.”

मी पुढे गेले, चढले. एक रांग, दुसरी, तिसरी. पुढून चौथ्या रांगेपाशी पोचले आणि ती दिसली. अजून बरीच लांब होती. आधी कपाळ, मग गालाखालचा हात. मोठं माणूस आहे म्हणून दिसतंय, असं मनात म्हणायला गेले, पण मनालाही ते पटेना. तिथे मांजर असतं तरी दिसलं असतं.

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

“दिसले?”

“हो.”

“वाकावं लागलं?”

“नाही,” मी म्हटलं. “नाही हो. नुसतं चालत आलं तरी दिसतं.”

तिने डोळे मिटले. ती रडायला लागली, आवाज न करता, तशीच कुशीवर पडून. मला खाली बसून तिचे पाय धरावेसे वाटले. पण ते माझ्या समाधानासाठी झालं असतं, म्हणून धरले नाहीत. ती उठेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.