डाव्या बाजूचा दरवाजा

खोक्यांच्या कारखान्यात थोरल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. औषधाची बाटली असो नाहीतर शिलाई मशीन, खोक्याचा पहिला नमुना त्यानेच कापायचा. धाकटा भाऊ त्याला खोकेराव म्हणून चिडवायचा. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून निघाला तेव्हाही म्हणाला होता, "जहाज म्हणजे तरी काय रे दादा, तुझंच एक खोकं. तरंगतं, एवढंच."

ते जहाज वादळात बुडालं. काही माणसं वाचली, काहींची प्रेतं मिळाली. धाकट्याचं काहीच मिळालं नाही, आणि आईचा जीव तिथेच अडकून बसला.

"सापडला नाही म्हणजे बाहेर पडला," ती म्हणायची. "बंद खोलीतून निसटणारं पोर ते! कुठून बाहेर पडला असेल, तू सांग."

सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना हेच. तो कामावरून येऊन चपला काढतो न काढतो तोच पुन्हा हेच. थोरला काय सांगणार, कपाळ? जहाज त्याने आतून कधी पाहिलंच नव्हतं. एकदा वैतागून त्याच्या तोंडून निघून गेलं, "थांब, करूनच दाखवतो तुला."

बोलून बसला आणि मग त्यालाही चैन पडेना. जहाजाच्या कंपनीच्या कार्यालयात खेटे घालून त्याने जहाजाचा आराखडा मिळवला. वाचलेल्यांपैकी इंजिनखोलीतला एक मिस्त्री गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. आराखड्यात नव्हतं ते मिस्त्रीने सांगितलं. कुठे कपाट होतं, कुठली पायरी उंच होती, जेवणाची रांग कुठे लागायची.

शंभराला एक असं माप धरून थोरला कामाला लागला. जाड कागदाच्या फासळ्या उभ्या केल्या, त्यांवर पातळ कागदाचे पट्टे चिकटवले. खोक्याला सरळ भिंती असतात, जहाजाला एकही नाही. पुढच्या टोकाची गोलाई तर त्याला रडवून गेली. कागद एका अंगाने वाकवावा तर दुसऱ्या अंगाने फुगायचा. तीनदा फाडलं. शेवटी बायकोने पट्टे ओले करून वाटीच्या पाठीवर वाळवून दिले, तेव्हा कुठे जमलं. वरचा डेक मात्र त्याने चिकटवला नाही. झाकणासारखा उचलता येईल असा ठेवला आणि आतल्या खोल्या, जिने, बोळ सगळं केलं. या मापात धाकटा जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरचा झाला असता. थोरल्याने माणसं केलीच नाहीत.

खालच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर कापतानाच, तिथून वर यायची वाट एकच आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं. आराखड्यात सुटलेलं एखादं दार मिस्त्रीला आठवेल, या आशेवर त्याने त्याला रविवारी घरी बोलावलं.

मिस्त्रीने झाकण उचलून आत डोकावून पाहिलं. "हुबेहूब, दादा," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात हात पुसत आई आली. "कुठे असायचा तो?"

मिस्त्रीने बोट ठेवलं. "इथे. पहाटेची न्याहारी लावत होता."

"आणि वर यायला?"

"हा जिना. मग हा दरवाजा, उघड्यावर निघतो."

"एकच?"

"एकच, आई."

"सामान उतरवायला एखादं झाकणबिकण असेल ना?" थोरल्याने घाईघाईने विचारलं.

"आहे, पण ते बाहेरून बोल्टांनी आवळलेलं. समुद्रावर असताना कोण उघडतंय?"

आईने मिस्त्रीकडे वळून विचारलं, "कलंडलं कुठल्या बाजूला?"

मिस्त्रीने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने 'सांगू नको' अशी मान हलवली, पण प्रश्न त्याला नव्हता.

"डाव्या," मिस्त्री म्हणाला. "आतला माल सरकला."

आईने तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना धरावं तसं ते जहाज दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच डाव्या कुशीवर केलं. दरवाजा टेबलाला टेकला, दिसेनासा झाला. तिने ते तसंच धरून ठेवलं.

"असं किती वेळ होतं?"

"बराच वेळ, आई. आम्ही वर होतो ते बचावाच्या नावेतून बघत होतो," मिस्त्री बोलून गेला. मग आपण काय बोललो ते कळून त्याने खाली मान घातली.

आईने जहाज सरळ केलं. "झाकण लाव," ती थोरल्याला म्हणाली आणि आत निघून गेली.

त्यानंतर तिने विचारणं सोडलं. कप पुढे ठेवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. रोजच्या त्या प्रश्नाने थोरल्याचं डोकं उठायचं, आता ती गप्प बसली तर त्याला घरात पाऊल टाकवेना. त्या प्रश्नाच्या आधारावर तर ती उठत होती, पोळ्या लाटत होती, भाजीवाल्याशी भांडत होती. तो आधार त्याने स्वतःच्या हाताने, माप धरून, कापून टाकला होता.

एका संध्याकाळी तो तिच्या खाटेशी जाऊन बसला. "आई, आराखडा जुना होता. मिस्त्रीचीही चूक होऊ शकते. दुसरा जिना असेलही. मी पुन्हा विचारतो."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. बोटांवरचा वाळलेला गोंद नखाने हलकेच खरवडला.

"नको रे. तू बरोबर केलंयस," ती म्हणाली. "तुझं माप कधी चुकत नाही."

आणि कूस बदलून पडून राहिली.

टेबलभर जहाज पसरलेलं होतं. ते हलवायचं कोणी नाव काढेना. तो आणि बायको ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवले. आईचं ताट तसंच परत आलं.