अठ्ठावीस दिवसांचा नियम

राजरत्नच्या फुप्फुसातला स्मॉल सेल कॅन्सर केमोने भराभर वितळला आणि पाच महिन्यांत पुन्हा उगवला. तेव्हा कॅनडातल्या, ओंटारिओ प्रांतातल्या लंडनच्या डॉक्टरांनी टोरांटोत चाललेल्या एका ट्रायलबद्दल सांगितलं. नवं औषध एका टोकाने कॅन्सरची पेशी पकडतं, दुसऱ्या टोकाने शरीरातलीच लढणारी पेशी, आणि दोघींची गाठ घालून देतं. त्याच्या बायकोला, यशोधराला, ऐकूनच धीर आला.

अट एकच होती. मेंदूचा एमआरआय अठ्ठावीस दिवसांच्या आतला हवा. एमआरआय झाला, पण रिपोर्ट काही टोरांटोला पोचेना. इकडचे म्हणत, "फॅक्स केलाय." तिकडचे म्हणत, "आला नाही." यशोधरा पाणी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती; लंचच्या सुट्टीत गाडीत बसून रोज फोन करायची. शेवटी एमआरआयची सीडी पर्समध्ये टाकून तिने भर बर्फात स्वतःच टोरांटो गाठलं.

ट्रायलची कोऑर्डिनेटर कॉलीनने सीडीवरची तारीख बघितली. "सॉरी. आज एकोणतिसावा दिवस आहे."

"फॅक्स तुम्ही हरवायचे आणि दिवस आमचे मोजायचे?"

कॉलीनने सीडी तिच्या हातात परत दिली.

नवा एमआरआय होईतो जागा दुसऱ्याला गेली. राजरत्नला आता बेसमेंटचा जिना चढवेना.

"यशो, तुमच्या लॅबमध्ये पाण्याचं सॅम्पल उशिरा आलं तर?" त्याने विचारलं.

"फेकून देतो."

"मग?"

"ते सॅम्पल असं रात्रंदिवस खोकत नाही!" ती ओरडली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

पाच आठवड्यांनी एक जागा रिकामी झाली; या वेळी ताजा एमआरआय तयार ठेवला होता. पहिल्या डोसनंतर राजरत्न थंडीतापाने कुडकुडला. असं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. स्टेरॉईडने ताप उतरला. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली.

"हे पाच आठवडे आधी मिळालं असतं तर?" यशोधराने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला.

"आता त्या फॅक्सची तक्रार कशाला? औषध लागू पडतंय ना?" राजरत्न म्हणाला.

"पडतंय. तरी लिहिणार."

तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"बरं, लिही. पण कॉलीनचं नाव घालू नकोस. मी कुडकुडत होतो तेव्हा ब्लँकेट तिनेच आणलं."