सोडलेला मेहुणा

लाइल हँझेलने मोबाइलवर मेहुण्याच्या नावावर बोट ठेवले आणि नफ्याचा अंदाज घेतला. छत्तीस वर्षांचा, करकरत्या गुडघ्यांचा टेरी द्यायचा; बदल्यात तेविशीतला, हरणासारखा पळणारा पोरगा घ्यायचा. म्हणजे यंदा तळाला जाणे टळणार. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, जो तळाला असेल त्याने झालरीचा गुलाबी एप्रन बांधून सगळ्या दोस्तांना सॉसेज वाढायचे, असा लीगचा नियम होता. गेली काही वर्षे तो एप्रन लाइलच्याच पोटावर होता, आणि पोटही आता त्याला सरावले होते.

खेळ सगळा कागदावरचा. दोस्तमंडळी बेसबॉलच्या खऱ्या खेळाडूंचे खोटे संघ बांधत. तिकडे मैदानात खेळाडूने चेंडू फटकावला की इकडे मालकाला गुण मिळत. जुन्यांपैकी दोघेतिघे पुढच्या हंगामासाठी राखता येत. लाइल बायकोच्या, मार्सीच्या, भावाला, टेरी नोवोत्नीला, अकरा वर्षे राखत आला होता. टेरी भरात होता तेव्हाही, आणि विजेच्या खांबासारखा नुसता उभा राहायचा तेव्हाही. टोलेडो गावात हा ठरलेला विनोद होता.

पण गेल्या रविवारी टेरी जेवायला आला आणि अंगणात कुत्र्यासाठी चेंडू फेकताना त्याने डावा हात वापरला. उजव्या हातावर जन्मभर भाकरी मिळवलेला माणूस! लाइल बघतच राहिला.

"खांदा गेलाय," टेरी म्हणाला. "शॉर्टस्टॉपच्या जागेवरून पहिल्या बेसपर्यंत चेंडू जातो, पण रडत जातो. आपला मालिशवाला ऑगी म्हणतो, एप्रिलपर्यंत चोळून जाग्यावर आणतो. त्याला माहितीये, आता तुला. जुना करार संपलाय, नवा सहीला आलाय. सगळ्यांचं लक्ष गुडघ्यांवर आहे, ते राहू दे. मार्सीलाही बोलू नकोस."

"माझं तोंड शिवलंय असं समज."

तोंड शिवलेलेच राहिले. बोट मात्र मोकळे होते. भाकिते करणारे जाणकार अजून टेरीच्या नावापुढे 'वर्षभर चालेल' असे लिहीत होते. ते बदलायच्या आत सौदा उरकायला हवा होता. लाइलने बटण दाबले.

तो हरणासारखा पोरगा ब्रेंट स्टकीच्या संघात होता. स्टकी गावच्या रेडिओवर सकाळी खेळांवर बडबड करायचा. त्याचा लगेच फोन आला.

"अरे लेका, सख्ख्या मेहुण्याला काढलंस? सडका बटाटा गळ्यात मारत नाहीस ना?"

"सडका कसला! वय झालं त्याचं, एवढंच."

"वय तर कधीच झालंय. तरी तू त्याला छातीशी धरून बसायचास."

लाइल हसला. जरा जास्तच वेळ हसला. स्टकीने सौदा मान्य केला.

दुसऱ्या दिवशी लाइल दुकानात एका गाडीचा टायर उतरवत होता, तेव्हा भिंतीवरचा रेडिओ खिदळला. "मंडळी, अकरा वर्षं ज्यानं घरचा शॉर्टस्टॉप सोडला नाही, त्यानं काल तो माझ्या गळ्यात बांधला. गुडघे तर तपासणीत ठणठणीत निघाले म्हणतात. मग घरच्यांना काय कळलंय, जे आपल्याला ठाऊक नाही?"

लाइलचा पाना बोल्टवरच थांबला.

टेरी तेव्हा नव्या करारावर सही करायला फ्लोरिडात गेला होता. आठवडा संपायच्या आत ती बडबड संघाच्या कानावर गेली आणि त्यांनी नवी तपासणी मागितली, डोक्यापासून पायापर्यंत. खांदा सापडला. करार मागे घेतला गेला. सराव शिबिरे सुरू झाली आणि दुसऱ्या कुठल्याच संघाचा फोन आला नाही.

"दोघांनाच माहीत होतं," परत आल्यावर टेरी जेवणाच्या टेबलावर म्हणाला. "तू घरचा. म्हणजे ऑगीच कुठेतरी बरळला. शाळेत असल्यापासून खांदा त्याच्या हाती दिला होता मी. काल सांगितलं, पुन्हा दारात येऊ नकोस."

लाइलने तोंड उघडले. मार्सी भावाच्या ताटलीत पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढत होती. उघडलेल्या तोंडात लाइलने एक पिएरोगी घातली.

पुढच्या शनिवारी तो ऑगीच्या घरी गेला. म्हातारा खिडकीपाशी बसला होता, आणि खिडकीत रेडिओ स्टकीच्या आवाजात बडबडत होता.

"ऑगी, ते टेरीचं..."

"मी रोज ऐकतो याची बडबड," ऑगीने रेडिओ बंद केला. "त्या दिवशीही ऐकली."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"सांगून खांदा बरा होणार होता? बहीण त्याला एकच आहे. चोळणारे गल्लोगल्ली मिळतात." त्याने लाइलकडे डोळे बारीक करून पाहिले. "मान काय अशी धरलीयेस? बस इथं."

ऑगीची बोटे मानेवरून फिरली आणि नेमक्या गाठीवर येऊन थांबली.

"इथं दुखतं?"

"मी सांगतो टेरीला. याच आठवड्यात."

"सांग," ऑगी म्हणाला. पोरे मोठेपणी अंतराळवीर होणार म्हणतात तेव्हा म्हणावे, तसे.

तो आठवडा गेला. मग पुष्कळ आठवडे गेले.

चार जुलैला लाइलच्या अंगणात सॉसेजचा धूर होता. हरणासारखा पोरगा खरोखरच पळाला होता. पहिला नंबर लाइलचा. झालरीचा एप्रन स्टकीच्या पोटावर ताणला होता. टेरी मेक्सिकोतल्या कुठल्याशा संघाबरोबर बसमध्ये होता.

मार्सीने खुर्च्या मांडल्या होत्या, आणि दरवर्षीच्या सवयीने झाडाच्या सावलीत ऑगीचीही. कुणी काही विचारायच्या आत लाइलने ती मिटली आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.