तूप कसं लागलं?

धाकटीला कुणी विष वाढलं असतं तरी वाटी पुसून ती 'छान झालंय' म्हणाली असती. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हे माहेरी तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की सासरी पहिल्याच दिवशी थोरल्या जाऊबाईंची खारट भाजी तिनं मिटक्या मारत संपवली. तेव्हापासून त्या घरात सगळं खारटच. असो.

सध्या तिचा जीव टांगणीला लागला होता तो हातांमुळे. बेकरीत पावाचं पीठ मळायचं काम तिचं, आणि हातांची कातडी भेगा पडून सोलवटलेली. मालकानं सुट्टी दिली, पण बजावलंही: परत येताना हात सुधारले नसतील तर पिठावर दुसरी बाई, तू गल्ल्यावर. गल्ल्याचं नाव काढलं की तिला रडू यायचं. तिला पीठ फुगताना बघायचं असे, सुट्टे पैसे नव्हेत.

सुट्टीत ती वैद्यबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, शरीर आतून धुऊन काढू, पण आधी ते तयार हवं. तयारी म्हणजे रोज उपाशीपोटी कडू औषधी तूप प्यायचं, वर गरम पाणी. शरीर तयार झालं की तेल, वाफ आणि मग जुलाबाचं औषध.

तयार झालं हे कळतं कसं, असं धाकटीनं विचारलं. 'कळतं,' म्हणून त्या नुसत्या हसल्या. झालं, हिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ती आरशात नाक निरखी, कोपर चाचपून बघे. जाऊबाईंचं मत पडलं, घामाला तुपाचा वास यायला हवा. मग दोघी वास घेत बसल्या. वैद्यबाई मनगट दाबत, जीभ बघत, भूक लागली का विचारत आणि शेवटी न चुकता म्हणत, तूप कसं लागलं? धाकटी म्हणे, छान. की दुसऱ्या दिवशी पेला आणखी भरलेला.

सुट्टी संपत आली. त्या सकाळी पेला नुसता समोर आला तरी तिचं पोट ढवळलं. तरी तिनं नाक दाबून तूप घशाखाली ढकललं आणि डोळे पुसत म्हणाली, छान.

वैद्यबाईंनी पेला उचलून बाजूला ठेवला.

"तुझी कातडी म्हणते शरीर तयार झालं, तोंड म्हणतं आणखी आण. दोघांत खोटं कोण बोलतंय?"

धाकटीच्या डोळ्यांपुढे गल्ला उभा राहिला. तिनं मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखी लाज वाटली तिला.

"शिसारी येते. कधीपासूनच येतेय."

"अगं, हीच तर खूण. तुपाचा वीट आला पाहिजे. आधी सांगितलं तर लोक पहिल्या घोटालाच ओकारी काढून दाखवतात, म्हणून मी सांगत नाही."

आता तूप बंद, दुपारपासून तेल आणि वाफ. सुट्टी पुरली तर जेमतेम पुरेल, असंही त्यांनी ऐकवलं.

घरी जाऊबाईंनी मऊ भात वाढला आणि सवयीनं विचारलं, कसा झालाय. धाकटीनं चमचा खाली ठेवला.

"ताई, खारट आहे. नेहमीच असतं."

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला.

"तुला आवडतं म्हणून घालते गं. पहिल्या दिवशी माझा हात चुकला, तर तू बोटं चाटून खाल्लंस. मला स्वतःला घशाखाली उतरत नाही."

धाकटीला आधी हसू आलं, मग इतकी वर्षं आठवून भडभडून आलं. जाऊबाईंनी ताट ओढून घेतलं, नवा भात शिजवला आणि समोर ठेवून म्हणाल्या, आता खरं सांग.

धाकटीनं चाखला. अळणी होता. तिनं तसं सांगितलं.