अर्जदार पत्त्यावर राहत नाही

मी माझ्या घरात राहत नाही, हे मला पासपोर्टच्या कचेरीने कळवलं. कळवल्याचा कागद आला तोही याच घरी, तिसऱ्या मजल्यावर, आणि पोस्टमनने सही घेतली ती माझीच. आत लिहिलं होतं, पोलीस पडताळणीत अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचे आढळले, सबब अर्ज रोखण्यात आला आहे. बावीस वर्षं मी या घरातली पायपुसणीसुद्धा हलवली नाही, आणि यांना मी आढळले नाही.

मला काही फिरायला जायचं नव्हतं. लेक परदेशात, सातवा महिना लागलेला. पहिल्या खेपेला सहाव्यातच सगळं संपलं होतं. तेव्हा ती फोनवर नुसती रडत होती आणि मी इथून "रडू नकोस" याखेरीज काही करू शकले नाही. या वेळी तिने आधीच बजावलं होतं, "आई, नववा लागायच्या आत तू इथं हवीस." मी तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते. रोज फोनवर तिला सांगायचे, पायांना किती सूज आहे ते बघायला नडगीवर अंगठा दाब आणि खड्डा भरायला किती वेळ लागतो ते आकडे म्हणत मोज. आधी चटकन भरायचा. कागद आला त्या दिवशी तिने दहापर्यंत मोजलं.

तळपायाची आग मस्तकात गेली होती, तशीच पोलीस ठाण्यात गेले. दीड तास बाकावर बसवल्यावर टेबलामागच्या हवालदाराने फाईल उघडली.

"आम्ही हवेत लिहीत नाही मावशी. आमचा माणूस येऊन गेलाय. तळमजल्यावर चौकशी केली. तुम्ही भावाकडे राहायला गेलात, कायमच्या."

"मला भाऊच नाही."

"ते तुमच्या शेजाऱ्यांना विचारा."

विचारायची गरज नव्हती. तो भाऊ माझाच होता, म्हणजे मीच जन्माला घातलेला. मी निवृत्त झाले आणि अख्ख्या गल्लीला माझा जिना सापडला. इंजेक्शन द्या, रक्तदाब बघा, बाळ रात्रभर किरकिरतंय जरा पोट बघा. दुपारी डोळा लागला की दार वाजलंच. शेवटी तळमजल्यावरच्या वहिनींना सांगितलं, अनोळखी कुणी आलं तर म्हणा, सिस्टर भावाकडे गेल्या. वहिनींनी ते इतकं मनावर घेतलं, की तिकडची हवा मला मानवल्याचंही लोकांना सांगून झालं होतं.

त्यांना गाठलं तेव्हा त्या कपडे वाळत घालत होत्या.

"आला होता ना एकजण, साध्या कपड्यांत," त्या म्हणाल्या. "जिन्यावर पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही मी."

"पोलीस आहे म्हणाला नाही तो?"

"म्हणाला की. पण सिस्टर, मागे एकजण डॉक्टर आहे म्हणून आला होता आणि बायकोचं इंजेक्शन घेऊन वर चढत होता. काहीही सांगतात लोक."

त्या शाबासकीची वाट बघत उभ्या होत्या. चिडणार कुणावर? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी मी चिडले, घर डोक्यावर घेतलं, आणि वर येऊन गुडघे चोळत बसले.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. पासपोर्टवाले म्हणाले, पोलिसांचा नवा अहवाल आणा. पोलीस म्हणाले, वरून पत्र आल्याशिवाय आम्ही दुसऱ्यांदा जात नाही. विजेचं बिल दाखवलं, तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "बिल घराला येतं मॅडम, माणसाला नाही." तीन आठवडे मी दोन कचेऱ्यांच्या मधे चपला झिजवल्या. शेवटी ठरलं, दोन शेजाऱ्यांनी लिहून द्यायचं की या बाई इथंच राहतात. समोरच्या मास्तरांनी लगेच सही दिली. वहिनींचे यजमान मात्र अडून बसले.

"पोलिसांना तोंडी एक सांगितलं, आता लेखी दुसरं द्यायचं? उद्या आम्हालाच उभं करतील."

"तुमचे दोन्ही नातू माझ्या हातावर झालेत," मी म्हणाले. ते बोलायला नको होतं, पण बोलले. संध्याकाळी वहिनी वर आल्या, यजमानांना न सांगता सही करून गेल्या.

कागद पुढे सरकला. कुठल्याही दिवशी येतील, घरीच थांबा, असा निरोप आला. मी सकाळपासून अंधार पडेपर्यंत दार उघडं टाकून बसायला लागले. दूध आणायलासुद्धा उतरत नव्हते. चौथ्या दिवशी लेकीने पंधरापर्यंत मोजलं, वर म्हणाली, डोळ्यांपुढे चमकतंय. मी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, जावयांना गाडी काढायला सांग." त्यानंतर दोन दिवस फोन नाही. प्रसूतिगृहात मी कितीतरी आयांना "काळजी करू नका" म्हणून बाहेर बसवलं होतं. काय बोलत होते मी, ते त्या दोन दिवसांत कळलं.

तिसऱ्या सकाळी तीच बोलली. आवाज खोल गेलेला. मुलगी झाली होती, दिवसांच्या आधी, काचेच्या पेटीत ठेवली होती, पण श्वास आपला आपण घेत होती.

"पाय?" मी विचारलं.

"उतरतायत."

"कागद झाला की मी पहिल्या विमानाने येते."

"राहू दे गं आई. दमू नकोस. सवय आहे मला."

ती रागाने बोलली असती तर मी भांडले असते. ती सहज बोलली. ती तापाने फणफणायची तेव्हा माझी रात्रपाळी असायची. तिच्या दहावीच्या पहिल्या पेपरला तिला वहिनींनी दही दिलं, मी वॉर्डात जुळी काढत होते. दुसऱ्यांच्या लेकींपाशी मी रात्री काढल्या आणि त्याचा मला अभिमानही होता.

दुपारी हवालदार आला. या वेळी वहिनी स्वतः त्याला वर घेऊन आल्या.

"या बाई इथंच राहतात का?" त्याने त्यांना विचारलं.

वहिनींनी आधी माझ्याकडे बघितलं, हो म्हणू का म्हणून. मी मान हलवली.

"राहतात. बावीस वर्षं."

त्याने लिहिलं. मग मला विचारलं, "जायचं कारण?"

"मुलीचं बाळंतपण."

"कधी आहे?"

"झालं."

त्याचं पेन थांबलं. "मग आता कशाला जाताय?"

त्याने कारणाची जागा कोरी सोडली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच भरा," तो म्हणाला.

मी पेन घेतलं. कोऱ्या जागेत लिहिलं, "मुलीला भेटायला उशीर झाला आहे."