तुलनेची वही

धाकटीने निळं पेन खाली ठेवलं आणि पुढच्या नोंदींसाठी काळं उचललं. सकाळी सहा बारा, सौम्य. सात चव्वेचाळीस, मध्यम, घाम मानेपर्यंत. नऊ सव्वीस, इथे ती थांबली. पान उलटून पाहिलं. काल नऊ चोवीस लिहिलं होतं. तिने सव्वीसच्या जागी एकेचाळीस केलं आणि पुढे 'तीव्र' असं लिहिलं. आठवड्यातून एखादी तीव्र हवीच.

प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत कोणी येत नसे. फुटलेल्या तापमापकांच्या खोक्यावर वही ठेवून ती तिथे बसत असे. खोट्या नोंदी कशा ओळखायच्या हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण बावीस वर्षं तिचं कामच ते होतं. शीतगृहांची आणि दवाखान्यांची तापमापकं तिच्याकडे तपासणीला येत, सोबत त्यांच्या नोंदवह्या येत. एका शीतगृहाने महिनाभर रोज बरोबर चार अंश लिहिलेलं पाहून तिने त्यांचं प्रमाणपत्र अडवलं होतं. खरे आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत, असं तिने तिथल्या माणसाला सांगितलं होतं. शून्य आणि पाच टाळायचे, मधूनच एखादा दिवस वाईट टाकायचा, सगळं एकाच शाईत लिहायचं नाही. हे ती आता स्वतः पाळत होती.

दिवसाअखेर बेरीज नऊ यायला हवी होती. प्रत्यक्षात तिला शेवटची वाफ येऊन दोन महिने होत आले होते.

'वाफ' हा शब्द ताईचा. अंगात आतून भट्टी पेटल्यासारखं होतं, छातीपासून कानापर्यंत लाल होतं, घाम फुटतो आणि मग थंडी वाजते, या सगळ्याला दोघी बहिणी वाफ म्हणायच्या. धाकटीची पाळी जायच्या बेतात होती, तिचं ते वयच होतं. ताईचं वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर रोज घ्यायच्या गोळीने शरीरातलं होतं नव्हतं तेवढं हॉर्मोन आटवून टाकलं होतं. बाहेरून हॉर्मोन घेणं ताईला कायमचं बंद होतं. डॉक्टरांनी तसं फाइलवर लाल शाईत लिहून ठेवलं होतं.

पावसाळा सरता सरता त्यांनी ताईला वाफांसाठी एक नवी गोळी दिली, हॉर्मोन नसलेली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली ताई लगेच म्हणाली की आता हवा गार होत जाणार. वाफा कमी झाल्या तर त्या गोळीने की थंडीने, हे कळणार कसं? तुलनेला काहीही न घेणारं कोणीतरी हवं. तिने दोन सारख्या वह्या आणल्या, दोन्हींत रकाने आखले आणि एक धाकटीच्या हातात ठेवली. भाऊजी पंख्याखाली स्वेटरची बटणं लावत म्हणाले होते, घरात दोन शेगड्या आहेत, आता त्यांचा हिशोबही ठेवा.

सुरुवातीला धाकटीने खरं लिहिलं. अकरा, दहा, दहा, नऊ. मग एका सकाळी, लागोपाठ तिसऱ्या रात्री झोप न मिळाल्यावर, तिने नवजात बालकांच्या कक्षातल्या तापमापकाच्या प्रमाणपत्रावर छत्तीस पॉइंट चारऐवजी चौतीस पॉइंट सहा लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी कागद तिच्यासमोर ठेवला आणि त्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला. तो गोल तिला घरापर्यंत पुरला.

त्याच आठवड्यात ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी ताईबद्दल बरंच विचारलं, तपासण्या करायला लावल्या, अहवाल दोनदा वाचले आणि मग हॉर्मोनचा पॅच दिला. बेंबीखाली चिकटवायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा, शिवाय झोपताना एक कॅप्सूल. दहा दिवसांत वाफा पाचावर आल्या. धाकटी रात्रभर झोपू लागली आणि सकाळी उठल्यावर आधी तिला अपराध्यासारखं वाटे, मग भूक लागे.

ताईला सांगायचं म्हणून ती रविवारी मुद्दाम गेली होती. दार ताईनेच उघडलं. मानेवर बर्फाची पिशवी, केस कपाळाला चिकटलेले.

"ये गं," ताई म्हणाली. "बरं आहे, निदान या भट्टीत तू तरी आहेस सोबत."

त्या दिवशी धाकटीने वहीत नऊ लिहिलं. पाचावरून एकदम नऊ. ताईने विचारलं तेव्हा ऑफिसात ताण आहे, असं सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी ताईला वाफ आली की थोड्या वेळाने तीही गळ्याचं बटण सोडायची, वर्तमानपत्र घेऊन वारा घालायची. ताईच्या उघड्या खिडकीतून थंडी आत येई. धाकटीच्या हातावर काटा उभा राही, तो ती दुसऱ्या हाताने झाकून ठेवी.

खोक्यावरचा फोन वाजला. ताईच होती. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, उद्या वही आण, आलेख जवळजवळ झालाच आहे, असं ती भराभर सांगत होती. तिचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा होता.

"मुंगे, गोळी लागू पडतेय. तू नऊवरच आहेस आणि मी साडेसहावर आले. दुप्पट डोस मागणार आहे मी."

लहानपणापासून बारीक अक्षर काढते म्हणून ताई तिला मुंगी म्हणायची. धाकटी काही बोलायच्या आत फोन भाऊजींनी घेतला. त्या गोळीने ताईला सकाळी भोवळ येते हे धाकटीला माहीत होतं. आज पुन्हा आली, बेसिनवर आपटली, कोपर वांग्यासारखं झालंय आणि ही म्हणते डोस वाढवायचा, तूच सांग काहीतरी, तुझं ऐकते, असं ते हळू आवाजात म्हणाले.

फोन ठेवल्यावर धाकटीने काळ्या पेनाला टोपण लावलं. दुपारचं काम समोर होतं. बर्फाचा चुरा भरलेल्या भांड्यात एक जुनं तापमापक उभं करायचं होतं आणि शून्य शून्यावर आहे का ते पाहायचं होतं. ते अर्धा अंश वर सरकलं होतं. तिने तसं लिहिलं, सही केली आणि रविवारची वाट न पाहता तडक ताईकडे गेली.

भाऊजींनी दार उघडलं. कानटोपी, दोन स्वेटर. जेवणाच्या टेबलावर आलेखाचा मोठा कागद चारी कोपऱ्यांनी चिकटवलेला होता. ताई त्यावर वाकली होती, तिचं डावं कोपर खरोखरच जांभळं झालं होतं. चहा टाकतो म्हणून भाऊजी आत गेले. धाकटी खुर्ची ओढून बसली, पुन्हा उठली, पिशवी मांडीवरून टेबलावर ठेवली.

"ताई, माझी वही खोटी आहे."

ताईने हातातली पट्टी कागदावर ठेवली. वर पाहिलं नाही.

"कुठपासून?"

"चोवीस नोव्हेंबरपासून. त्या रविवारपासून."

ताईने आलेखावर बोट ठेवलं. चोवीस तारखेच्या चौकोनावर पेन्सिलीची एक उभी रेघ आधीच होती. अगदी फिकट, आणि वरून हात फिरून फिरून पुसट झालेली. आज किंवा काल काढलेली रेघ इतकी पुसट होत नाही. धाकटी त्या रेघेकडे पाहत राहिली.

"औषध कधी सुरू केलंस?"

"चौदाला. पॅच आहे."

ताईने खोडरबर घेतला, जुनी रेघ पुसली, कागदावर फुंकर घातली आणि दहा घरं डावीकडे सरकून पट्टीने नवी रेघ काढली. ही चांगली ठळक होती.

"आधी तपासण्या केल्यास?"

"सगळ्या. काही निघालं नाही."

"अहवाल आण. मला बघायचेत."

"आणते."

ताईने एक कोरा कागद घेऊन रेघेच्या उजवीकडचं सगळं झाकलं. डावीकडे पाच आठवडे उरले. त्या पाच आठवड्यांत एक रेघ गोळी घेणारीची होती, एक काहीच न घेणारीची. दोन्ही अकराच्या आसपास सुरू होऊन एकमेकींच्या जोडीने खाली येत होत्या, जिना उतरताना दोघी बहिणींनी हात धरावा तशा. ताईने दोन्हींवरून पट्टी फिरवली.

"म्हणजे थंडीच," ती म्हणाली. "गोळी नाहीच."

पाच आठवडे फार थोडे आहेत, दोनच माणसं आहेत, एवढ्यावरून नक्की काही म्हणता येत नाही, असं धाकटी घाईघाईने सांगू लागली.

"मला शिकवू नकोस."

स्वयंपाकघरात कपांचा आवाज झाला. ताईने झाकलेला कागद बाजूला केला आणि उजवीकडच्या नऊंवरून नख फिरवलं. नऊ, नऊ, आठ, दहा, नऊ.

"तुला दिसलं होतं," धाकटी म्हणाली. "मग बोलली का नाहीस?"

"पाचावरून नऊ, आणि मग एवढं सरळ. नववीतल्या मुलीलाही दिसलं असतं." ताईने नख उचललं. "ते नऊ मलाही हवे होते, मुंगे. ते होते म्हणून माझे साडेसहा दिसायचे."

धाकटीला माफी मागायची होती. वाटभर तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. पण ताईच्या मानेवर लाली चढायला लागली, मग कानांवर, आणि वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब उभे राहिले. धाकटीचा हात सवयीने वर्तमानपत्राकडे गेला, दुसरा स्वतःच्या गळ्याच्या बटणाकडे.

"आता कशाला," ताई डोळे मिटून म्हणाली.

धाकटीने बटण सोडलं नाही. वर्तमानपत्र ताईकडे वळवलं, तर ताईने मान हलवली.

"वारा नको. वेळ बघ. माझ्या वहीत लिही."

धाकटीने ताईची वही ओढली. पाच सतरा. ती घड्याळाकडे आणि ताईकडे आळीपाळीने पाहत राहिली. कपाळावरून एक थेंब नाकाच्या बाजूने हनुवटीपर्यंत आला. चार मिनिटं लागली. तिने 'तीव्र' लिहिलं आणि तो शब्द आज दुपारीही आपण लिहिला होता हे तिला आठवलं.

भाऊजी चहा घेऊन आले. दोघींचे चेहरे पाहून त्यांनी विनोद आवरला, ट्रे ठेवला आणि दर रविवारी लावत तसा टेबलफॅन लावला, तो दोघींमध्ये फिरू लागला.

"फिरता नको," ताई म्हणाली. "माझ्याकडेच ठेवा. आणि हिला माझा तो राखी स्वेटर द्या. केव्हाची कुडकुडतेय."

भाऊजींनी पंख्याची खुंटी दाबली. धाकटीकडे न पाहता आत जाऊन स्वेटर आणला. ताई तिच्यापेक्षा उंच होती, बाह्या बोटांपर्यंत आल्या. धाकटीने त्या दोनदा दुमडल्या. मग पिशवीतून आपली वही काढली आणि चोवीस तारखेपासून पानं उलगडली. ऑफिसात चुकलेली नोंद कधी खोडून काळी करत नाहीत. तिच्यावर एकच आडवी रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. तिने तसंच केलं. एकेक पान. त्या वेळात ताईचा चहा पिऊन झाला, तिचा निवून गेला. आजच्या पानावर सकाळच्या तीन खोट्या नोंदी होत्या. त्यांच्यावरही रेघ ओढून तिने वही ताईपुढे सरकवली.

ताईने चष्मा लावला. सावकाश पानं पाहिली. आजच्या पानाशी येऊन तिचं बोट बेरजेच्या चौकोनावर थांबलं.

"हे रिकामं का?"

"काही आलंच नाही ना."

"मग शून्य लिही. रिकामं म्हणजे कोणी मोजलंच नाही."

"आता माझ्या वहीचा काय उपयोग, ताई?"

"वही संपेपर्यंत लिही. रोज."

पंख्याचा वारा ताईच्या ओल्या केसांवर येत होता. धाकटीने पिशवीत हात घातला. हाताला जे पेन आलं ते निळं होतं. तिने तेच उघडलं.